मायटर सॉचं ब्लेड बदलताना आधी प्लग काढा रे!!

डोकं फिरलंय माझं आज. सकाळी वर्कशॉपमध्ये आलो, फ्रेमच्या पट्ट्या ४५ अंशांत कापायच्या होत्या, आणि बघतो तर मायटर सॉचं, म्हणजे लाकूड कोनात कापायच्या मशीनचं, गार्ड (ब्लेडवरचं झाकण) वर अडकवलेलं, कव्हर प्लेट एका स्क्रूवर लटकतेय, बोल्टात अ‍ॅलन की (षटकोनी चावी) तशीच घुसवून ठेवलेली आणि प्लग सॉकेटमध्ये, तोही बटण चालू! म्हणजे कोणीतरी काल ब्लेड बदलायला घेतलं, बोल्ट सुटेना म्हणून वैतागून तसंच टाकून घरी गेला. ना चिठ्ठी ना फोन. मी घाईत ट्रिगर दाबला असता तर ती चावी डोळ्यात गेली असती का गळ्यात, नुसत्या विचाराने हात थरथरत होते.

ज्याने हे केलं त्याला विचारलं तर म्हणतो, "अरे पण मी स्विच दाबलाच नव्हता, दोन मिनिटांचं तर काम होतं." अरे स्विच आहे कुठे त्या मशीनवर? हँडलच्या आत! आणि बोल्टाला जोर लावताना मशीनचं डोकं हलायला लागलं की दुसरा हात आपोआप कुठे जातो? त्याच हँडलवर! तेव्हा तुझी बोटं कुठे असतात, ब्लेडच्या दातांच्या शेजारी. बरं, स्विच चुकून दाबला जाऊ नये म्हणून हँडलवर लॉकचं बटण असतं म्हणशील, पण ते प्रत्येक मशीनला नसतं, आणि असलं तरी त्याच्या भरवशावर बोटं ठेवायची का? प्लग काढायला पाच सेकंद लागतात रे, पाच. बॅटरीवालं असेल तर बॅटरी काढून बाजूला ठेवायची. यात वाद घालण्यासारखं काय आहे मला खरंच कळत नाही.

आता बोल्ट का सुटत नव्हता ते ऐका. उलटे आटे असतात तिथे! जवळजवळ सगळ्या मायटर सॉला ब्लेडच्या बोल्टाला उलटे आटे असतात, म्हणजे क्लॉकवाइज फिरवलं की सैल आणि अँटिक्लॉकवाइज फिरवलं की घट्ट. कारण मशीन सुरू होताना ब्लेडला झटका बसतो, त्या झटक्याने सरळ आट्यांचा बोल्ट सैल होत गेला असता, उलट्या आट्यांचा आवळत जातो. लक्षात ठेवायला एकच गोष्ट, ब्लेड ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने बोल्ट सुटतो, आणि ब्लेडचा बाण गार्डवर छापलेला असतो, डोळ्यासमोर! पण हा पठ्ठ्या नेहमीच्या सवयीने आवळत राहिला, आवळत राहिला, मग चावीला पाइप लावून जोर केला आणि बोल्टाचं षटकोनी भोक गोल करून टाकलं. राग मला कंपनीवाल्यांचाही येतो, एवढी मोठमोठी स्टिकर चिकटवता ना मशीनवर, मग बोल्टाशेजारी सोडायच्या दिशेचा एक बाण कोरायला काय होतं? माहितीपुस्तकात बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या की संपलं?

आणि स्पिंडल लॉक! स्पिंडल म्हणजे ब्लेड ज्यावर बसतं तो दांडा, तो अडवायला नाही तर ते काळं बटण कशासाठी दिलंय? ते हलकं दाबून ब्लेड हाताने हळूहळू फिरवायचं, एका जागी खट्ट करून बसतं, मग स्पिंडल फिरत नाही आणि बोल्ट आरामात सुटतो. ते सोडून यांनी दातांमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवला. कार्बाइडचे दात असतात ते, कडक पण ठिसूळ, चार दातांची टोकं उडालीयेत. आणि काही जण ब्लेड पूर्ण थांबायच्या आधीच ते बटण दाबतात, मग आतली पिन तुटते आणि बोंबलत बसतात की मशीन खराब निघालं.

नवीन ब्लेड आणलंय तेही बघितलं मी. बाहेरचं माप बरोबर, २५४ मिमी, पण मधलं भोक ३० चं आणि आपला स्पिंडल २५.४ चा. हे बसवणार होता तो! भोक लहान करायची रिंग न टाकता! सेंटरमध्ये नसलेलं ब्लेड त्या स्पीडला काय करेल माहितीये का? भोक बघा, ब्लेडवरचा कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त आहे ना ते बघा, ब्लेडचा बाण आणि गार्डचा बाण एकाच दिशेला हवा, म्हणजे खालचे दात मागे फेन्सकडे (लाकूड टेकवायच्या पट्टीकडे) तोंड करून. छापील बाजू बाहेर ठेवली की झालं असं धरून चालू नका, बाणच बघा. वॉशरवर राळ, भुसा चिकटलेला असेल तर पुसून घ्या, नाहीतर ब्लेड लचकत फिरतं. ब्लेड उचलताना हातमोजे घाला आणि मशीन चालवताना काढा, मोजा ब्लेडात ओढला गेला तर हातासकट जातो. सगळं झाल्यावर गार्ड आपोआप खाली येतंय का बघा, चावी काढली का बघा, हाताने एक चक्कर फिरवा, मग प्लग लावा आणि बाजूला उभं राहून रिकामं चालवून बघा.

माझा अख्खा दिवस गेला तो गोल झालेला बोल्ट काढण्यात. गंज सोडवायचं तेल मारलं, थोडी मोठी टॉर्क्स बिट (चांदणीसारख्या टोकाची) ठोकून बसवली, क्लॉकवाइज दाब दिला तेव्हा कुठे सुटला हरामखोर. पट्ट्या तशाच पडून आहेत.

आता गार्डवर लाल पेंटने सोडायच्या दिशेचा बाण काढलाय आणि अ‍ॅलन की मशीनच्या वायरीला अगदी प्लगजवळ आखूड साखळीने बांधून टाकलीये. प्लग भिंतीत असेल तर ती चावी बोल्टापर्यंत पोचतच नाही. ती साखळी ज्याने सोडली त्याने परत माझ्या मशीनला हात लावायचा नाही.