हात लावू नकोस, हात लाव

आमच्या सिनेमावाल्या मित्रमंडळींत एक मजकूर फिरतोय. कुणी लिहिलाय माहीत नाही, पण जो तो पुढे ढकलतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘रुमानियाची आदिना पिंतिलिये. आधी कुणी नावही ऐकलं नव्हतं. नागडी माणसं दाखवली, एका अपंग माणसाचा वापर केला, मी-टूची हवा होती म्हणून २०१८ मध्ये बर्लिनचं गोल्डन बेअर मिळालं. देशाच्या खऱ्या प्रश्नांकडे पाठ फिरवून युरोपला हवा तो माल विकला. प्रेक्षक उठून गेले, ते काय मूर्ख होते?’

यातली एक गोष्ट खरी आहे, तिच्यापासूनच सुरुवात करतो. प्रेक्षक उठून गेले होते. ज्या सिनेमाला गोल्डन बेअर, म्हणजे बर्लिन चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च बक्षीस, मिळालं तो ‘टच मी नॉट’ तिथं दाखवला तेव्हा पत्रकारांनीही मध्येच बाहेरचा रस्ता धरला होता. ‘गार्डियन’चे समीक्षक पीटर ब्रॅडशॉ यांनी तर हा निकाल म्हणजे महोत्सवावर कोसळलेली आपत्ती आहे, अशा अर्थाचं लिहिलं. तेव्हा नाराजी होती, आणि ती अडाण्यांची नव्हती. स्पर्धेत वेस अँडरसनसारखा दिग्दर्शक होता, त्याला दिग्दर्शनाच्या रौप्य अस्वलावर समाधान मानावं लागलं. पण उठून जाणं हे सिनेमाबद्दलचं मत झालं, पुरावा नव्हे. परीक्षक मंडळाचा अध्यक्ष जर्मन दिग्दर्शक टॉम टिकवर. मंडळात संगीतकार र्‍युइची साकामोतो, अभिनेत्री सेसिल द फ्रान्स. सिनेमा आज काय करू शकतो एवढ्यालाच नाही, तर तो पुढे कुठे जाऊ शकतो यालाही दाद द्यायची, असा टिकवरच्या म्हणण्याचा आशय होता. हा निर्णय चुकला असं खुशाल म्हणा. मीही कधीकधी म्हणतो. पण मजकुरातल्या बाकीच्या गोष्टी मताच्या नाहीत, माहितीच्या आहेत, आणि ती माहिती चुकीची आहे.

‘आधी कुणी नावही ऐकलं नव्हतं.’ आपण ऐकलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. पिंतिलियेचा जन्म १९८० चा, शिक्षण बुखारेस्टच्या नाट्य-चित्रपट विद्यापीठातलं. २००७ मध्ये तिचा ‘डोन्ट गेट मी राँग’ हा माहितीपट लोकार्नोच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. तो मनोरुग्णांच्या संस्थेत राहणाऱ्या माणसांवरचा होता. २०१० चा ‘ऑक्सिजन’ हा मध्यम लांबीचा सिनेमा कम्युनिस्ट राजवटीतून पळून जायला निघालेल्या माणसाचा. वाट डॅन्यूबच्या पाण्याखालून, आधार ऑक्सिजनच्या नळकांड्याचा. २०१३ मध्ये ‘डायरी #२’ला ओबरहाउझेनच्या लघुपट महोत्सवात झोन्टा पुरस्कार मिळाला. शिवाय बुखारेस्टमधल्या प्रायोगिक चित्रपट महोत्सवाच्या आखणीचं कामही तिनं केलं. ‘टच मी नॉट’ ही तिची पहिली पूर्ण लांबीची कथा, म्हणून त्याच संध्याकाळी तिला पदार्पणाचाही पुरस्कार मिळाला. ‘पदार्पण’ या शब्दानं बहुधा घोटाळा केला असावा. आपल्याकडेही पंधरा वर्षं एकांकिका केलेला नट पहिल्या मालिकेत दिसला की ‘नवा चेहरा’ होतोच की.

मी-टूचा मुद्दा नुसत्या तारखांनीच निकालात निघतो. मी-टूची लाट ज्यातून उसळली ते हॉलिवूडचा निर्माता वाइनस्टीन याच्या लैंगिक छळाचं प्रकरण फुटलं ऑक्टोबर २०१७ मध्ये, आणि बर्लिनचा निकाल फेब्रुवारी २०१८ चा. मधले चार महिने धरून संशय घेतलेला दिसतो. पण हा सिनेमा घडायला सुमारे सात वर्षं लागली. लाटेवर स्वार व्हायला इतक्या आधी कुणी पोहायला उतरत नाही. बरं, सिनेमा जुना असेल, पण बक्षीस तर हवा बघून दिलं ना? मग फेब्रुवारी २०१७ चं काय करायचं? त्या वर्षी गोल्डन बेअर मिळालं हंगेरीच्या इल्दिको एन्येदी यांच्या ‘ऑन बॉडी अँड सोल’ला. कत्तलखान्यात काम करणारी, कुणाचाही स्पर्श सहन न होणारी बाई ही त्याची नायिका. परीक्षकांचा अध्यक्ष वेगळा, दिग्दर्शक पॉल वरहोवन. म्हणजे स्पर्शाला घाबरणाऱ्या बाईवरचा बाईनं केलेला सिनेमा बर्लिननं मी-टूच्या आठ महिने आधीच डोक्यावर घेतला होता. तेव्हा कुणी हवेचा अंदाज घेतला नव्हता.

आता नागडेपणा. तो आहे, भरपूर आहे, झाकून सांगण्यात अर्थ नाही. पहिल्याच दृश्यात कॅमेरा एका पुरुषाच्या अंगावरून इतक्या जवळून सरकतो की केस, छाती, पोट हे एखाद्या भूभागासारखं दिसायला लागतं. पण सिनेमा बघितलेल्या माणसाला ‘काय पाहिलंस?’ म्हणून विचारा, तो बहुधा दुसरंच काही सांगेल. लॉरा (लॉरा बेन्सन) ही पन्नाशीतली बाई पैसे देऊन एका तरुणाला घरी बोलावते, तो कपडे काढतो, ती लांबून बघते. त्याला हात लावत नाही, त्यालाही लावू देत नाही. तो गेल्यावर चादरीचा वास घेते. इथं उत्तेजक असं काही असेल तर ते फार थोडं आहे. दिसतो तो एका माणसाचा लोचा: जवळीक हवी आहे आणि जवळ कुणी येताच अंग आकसतं आहे. लाजाळूला बोट लावावं तसं.

मजकूर लिहिणाऱ्यानं इंग्रजी नाव वाचून ‘स्पर्श नको म्हणता आणि सगळं दाखवता’ असा टोमणाही मारलाय. त्याला मूळ रुमानियन नाव माहीत असतं तर बरं झालं असतं. ते आहे ‘नु म अतिंजे-म’. ‘नु म अतिंजे’ म्हणजे मला हात लावू नकोस. ‘अतिंजे-म’ म्हणजे मला हात लाव. पिंतिलियेनं दोन्ही एकमेकांत घुसवली आणि व्याकरण मुद्दाम मोडलं. रुमानियन माणसाच्या कानाला ते खटकणारच, आणि खटकावं म्हणूनच ठेवलंय. दोन तासांहून थोड्या जास्त वेळात जे सांगितलंय त्याचा गाभा त्या मोडक्या वाक्यात आहे. इंग्रजी नावात अर्धंच वाक्य उरलं, आणि टोमणा त्या अर्ध्यावर मारला गेला.

सगळ्यात गंभीर आरोप ‘अपंग माणसाचा वापर’ हा. तो हसण्यावारी न्यायचा नाही. माहितीपटात दुसऱ्याच्या वेदनेवर आपलं नाव मोठं करणारे दिग्दर्शक आपण पाहिलेत, आणि असा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायलाच हवा. मग उत्तर सिनेमात शोधू.

क्रिश्चन बायरलाइन हा जर्मन माणूस. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायूंच्या आजारामुळे तो चाकाच्या खुर्चीत आहे. अपंगांच्या हक्कांबद्दल, त्यांच्या लैंगिकतेबद्दल जाहीरपणे बोलणारा कार्यकर्ता. या सिनेमात तो स्वतःच्याच नावानं आहे आणि त्याची जोडीदार ग्रिट उलेमानही. आता ते दृश्य. एका पांढऱ्या दवाखान्यासारख्या जागेत स्पर्शाची कार्यशाळा चालू आहे. क्रिश्चनसमोर तोमास लेमार्की बसलाय. हा आइसलँडचा व्यावसायिक नट. किशोरवयात त्याचे अंगावरचे सगळे केस गेले, भुवया-पापण्यांसकट. तोमासनं क्रिश्चनच्या चेहऱ्याला हात लावायचा आणि काय वाटतं ते बोलून दाखवायचं. तो बोलतो. क्रिश्चनच्या तोंडातल्या लाळेनं आपण बिचकलो, हेही तो सांगतो. त्याच्यासमोरच. क्रिश्चन ऐकून घेतो आणि स्वतःच्या शरीराबद्दल बोलतो: डोळे आवडतात, केस आवडतात, लिंग आवडतं. दयेची याचना नाही, ‘मी किती झगडलो’ची गोष्ट नाही. त्या दोघांत अवघडलेला कोण? धडधाकट तोमास. आणि बघणारे आपण.

वापर केला जातो तेव्हा साधारणपणे कॅमेऱ्यामागचा माणूस अदृश्य असतो. इथं सिनेमाच्या सुरुवातीलाच कॅमेरा मांडताना दाखवलाय. भिंगापुढे एक काच आहे, तिच्यात दिग्दर्शिकेचा चेहरा उमटतो, म्हणजे बोलणाऱ्याला भिंगाऐवजी माणसाशी बोलता येतं. पुढे एका ठिकाणी पिंतिलिये स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन बसते, जागांची अदलाबदल होते आणि आतापर्यंत प्रश्न विचारणारीला उत्तरं देणं जड जातं. यानं सगळी नैतिक शंका फिटते असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट बघा. २०२२ च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात रुमानियाच्या दालनात पिंतिलियेनं ‘यू आर अनदर मी: अ कॅथीड्रल ऑफ द बॉडी’ ही अनेक पडद्यांची मांडणी केली. तिच्यात क्रिश्चन होता, ग्रिट होती, लॉरा बेन्सन होती, सिनेमात ब्राम्सच्या संगीताबद्दल आणि स्वतःच्या पारलिंगी शरीराबद्दल गप्पा मारणारी हाना होफमानही होती. ज्यांचा ‘वापर’ झाला ते चार वर्षांनी आपल्या पायांनी, आणि एकजण आपल्या चाकांनी, परत आले.

राहता राहिला देशाचा प्रश्न. रुमानियाचा सिनेमा म्हटला की आपल्याला २००५ चा ‘द डेथ ऑफ मिस्टर लाझारेस्कू’ आणि २००७ मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च बक्षीस, पाम द’ओर, मिळवणारा दिग्दर्शक मुंजिऊचा सिनेमा आठवतो: कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात चोरून गर्भपात करायला निघालेल्या दोन मैत्रिणी. त्यापुढे पांढऱ्या खोल्यांत इंग्रजी बोलणारी ही माणसं परकी वाटतात, हे कबूल. पण खुद्द मुंजिऊच्या सिनेमाचा विषय काय होता? शरीरच. १९६६ च्या ७७० क्रमांकाच्या हुकुमानं चाउशेस्कूनं गर्भपातावर जवळजवळ बंदी आणली. लोकसंख्या वाढवायची होती. मूल नसलेल्यांवर कर बसला. ऐंशीच्या दशकात तर कारखान्यांत बायकांच्या स्त्रीरोग तपासण्या होत, कुणाला दिवस गेलेत हे सरकारला कळावं म्हणून. किती बायका चोरट्या गर्भपातात मेल्या. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळताच नव्या सत्ताधाऱ्यांनी पहिल्या काही दिवसांतच हा हुकूम रद्द केला; इतका तो लोकांच्या हाडापर्यंत गेला होता. समलिंगी संबंध गुन्ह्यातून पूर्ण बाहेर यायला तर २००१ उजाडलं. बर्लिनच्या त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, लग्नाची घटनेतली व्याख्या फक्त स्त्री-पुरुषांपुरती करावी म्हणून रुमानियात सार्वमत झालं. ३० टक्के मतदान हवं होतं, २१ टक्क्यांच्या आसपासच झालं आणि ते पडलं.

पिंतिलिये त्या हुकुमाच्या काळातच जन्मली. तिच्या सिनेमात चाउशेस्कूचं नाव येत नाही, हे खरं. पण तीन दशकांनंतरही या बाईचं अंग कुणाच्या मालकीचं आहे आणि ती स्वतः त्यात राहायला का घाबरते, हा प्रश्न बुखारेस्टमधून विचारला गेला तर तो देशाकडे पाठ फिरवणं कसा? शिवाय बर्लिननं रुमानियाला गोल्डन बेअर २०१३ मध्ये दिलं आणि २०२१ मध्ये पुन्हा दिलं. रादू जूदच्या त्या सिनेमाची सुरुवातच एका शिक्षिकेच्या खासगी लैंगिक चित्रफितीनं होते. एकटी पिंतिलियेच ‘माल’ विकत होती म्हणणं अवघड आहे.

एक बाजूची गोष्ट. बर्लिनच्या तीनच महिने आधी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात इंडियन पॅनोरमा या भारतीय सिनेमांच्या विभागाची सुरुवात रवी जाधवांच्या ‘न्यूड’नं व्हायची होती. परीक्षकांनी निवडलेला तो सिनेमा माहिती-प्रसारण मंत्रालयानं यादीतून काढला, परीक्षकांचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. तेव्हा आपण सगळे तावातावानं भांडलो. सिनेमा प्रदर्शित झाला पुढच्या एप्रिलमध्ये. म्हणजे भांडणाऱ्यांतल्या बहुतेकांनी, माझ्यासकट, तो पाहिलाच नव्हता.

‘टच मी नॉट’ मात्र पाहून माझाही एक आक्षेप आहे, आणि तो या मजकुरात कुठेच नाही. यातल्या प्रत्येकाला स्वतःच्या शरीराबद्दल फार छान बोलता येतं. समुपदेशकाच्या खोलीत वर्षं काढल्यासारखं. फक्त एकजण बोलत नाही: लॉराचा म्हातारा बाप, दवाखान्यातल्या खाटेवर निपचित पडलेला. लॉरा त्याला भेटायला जाते, त्याच्याकडे बघत राहते. तिच्या भीतीचं मूळ तिथं असावं असं आपल्याला सुचवलं जातं, आणि सिनेमा त्याला तसाच सोडून पुढे सरकतो. २००७ मध्ये हीच दिग्दर्शिका ज्यांचं बोलणं जग मोजत नाही अशा माणसांसमोर कॅमेरा घेऊन बसली होती. या म्हाताऱ्याच्या खाटेपाशी ती तेवढा वेळ बसली नाही.