ऐकू येतंय का?

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी मी माझ्याच ऑनलाइन ट्रेनिंगचं रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. एरवी असलं धाडस केलं नसतं, पण बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली आणि लॅपटॉपमध्ये बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. 61 मिनिटांचं सेशन. वहीत दोन रकाने आखले, मी किती बोलले आणि बाकीच्या किती बोलल्या. माझी 54 मिनिटं भरली. उरलेल्या सातातली निम्मी ‘मॅडम, तुमी म्यूटवर आसास’ यात गेलेली. ‘ऐकू येतंय का?’ मी 17 वेळा विचारलं होतं, ‘समजलं ना?’ 23 वेळा. दर वेळी उत्तर एकच आणि तेही एकाच बाईचं, ‘हो मॅडम’. ती सीआरपी ताई होती, म्हणजे गटांचं काम बघणारी गावातली कार्यकर्ती. तिला हो म्हणावंच लागतं.

मी वेंगुर्ला-कुडाळ बाजूच्या बचत गटांना खाण्याच्या वस्तूंचं पॅकिंग, लेबल आणि किंमत ठरवणं शिकवते. कोकम सरबत, आगळ, काजूगर, फणसपोळी, कुळथाची पिठी. आधी गावात जायचे, समाजमंदिरात सतरंजी टाकून बसायचो, बाटली हातोहात फिरायची. 2020 मध्ये सगळं बंद झालं आणि मी तेच ट्रेनिंग उचलून मोबाईलवर ठेवलं. बाटली गेली, सतरंजी गेली, उरली 42 स्लाइडची पीपीटी. आणि पुढची काही वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले की आमच्याकडे रेंज नाही हो, बायकांना ऑनलाइन जमत नाही.

रेंज नसते हे खरंच. पण याच बायका मुंबईतल्या मुलाशी व्हिडिओ कॉल करायला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ माळावर चढतात आणि तासभर काजूच्या सावलीत बसून बोलतात. माझ्यासाठी का नाही चढत, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

मग शिकायला सुरुवात केली. वाचलं, दुसऱ्यांची सेशनं पाहिली, बरीच वाईट पाहिली. एका शहरी ट्रेनर बाईंनी आमच्या गटाला सुरुवातीलाच विचारलं, ‘तुम्ही प्राणी असता तर कोणता असता?’ क्षणभर शांतता. मग एक काकी म्हणाल्या, ‘मी आसय तीच बरी आसय.’ त्यानंतर त्या सेशनमध्ये कुणी काही बोललं नाही. अनोळखी माणसांना मोकळं करण्याचे हे खेळ ऑफिसातल्या लोकांना आवडत असतील. आमच्याकडे ‘पाऊस कसो आसा तुमच्याकडे?’ पुरतं.

रिचर्ड मेयर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं काम वाचताना मला माझीच पीपीटी दिसायला लागली. पडद्यावर जे लिहिलंय तेच शब्दन्‌शब्द वाचून दाखवलं की शिकणं सोपं होत नाही, उलट अवघड होतं. डोळे एका वेगाने वाचतात, कान दुसऱ्या वेगाने ऐकतात, दोघांचं भांडण. मी 42 च्या 42 स्लाइड वाचून दाखवत होते. आता सहा असतात. त्यातल्या चारांवर फक्त फोटो.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांमध्ये बसून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलंही बोलतात. ऑनलाइनवर तीनही कमी पडतात. आवाज पोचायला वेळ, मग ओला हात पदराला पुसायचा, मग ते म्यूटचं बटण शोधायचं. मी आता प्रश्न विचारते, स्वतःला म्यूट करते आणि मनात वीसपर्यंत मोजते. पहिल्या दिवशी ते वीस आकडे मला गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीएवढे लांब वाटले. बाराव्या आकड्यावर कुणीतरी बोललं.

‘समजलं का?’ हा प्रश्नच मी सोडून दिला. त्याऐवजी सांगते, घरातली कुठलीही पाकिटातली वस्तू आणा, बिस्किटाचा पुडा चालेल, आणि त्यावरच्या एफएसएसएआय नंबरातले, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी परवान्याच्या नंबरातले आकडे मोजा. चौदा. कुणी तेरा म्हणतं, कुणी पंधरा, मग वाद, मग परत मोजणं. तो नंबर चौदा आकडी असतो हे मी आधी स्लाइडवर लाल रंगात लिहायचे. ते कुणाच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

पण मी खरं शिकले ते कोकमच्या लेबलावरून. एका वैनींना म्हटलं, तुमच्या कोकम सरबताच्या बाटलीवर घटक काय लिहिलेत ते वाचा. त्यांनी कॅमेऱ्यासमोर बाटली धरली, हाताने लिहिलेला कागद डकवलेला, एक कोपरा ओला होऊन उचकटलेला. ‘कोकम, साखर, जिरं, मीठ.’ मी विचारलं, एक किलो सालींना साखर किती घालता? ‘दोन किलो.’ मग नियमाप्रमाणे ज्याचं वजन जास्त ते आधी लिहायचं, तर पहिलं काय येणार?

शांतता. मी म्यूट. मोजतेय. अकरा, बारा...

‘मॅडम, पयली साखर लिवली तर माझा कोकम कोण घेतलो?’

आणि मग जी जुंपली! एक म्हणे, वजन कोण बघायला येतंय. दुसरी म्हणे, आमच्याकडे तपासणीला आले होते बाई. तिसरीने दीड किलो साखरेत करून बघितलेलं, तिचं फसफसलं होतं, म्हणजे साखर फक्त गोडीला नाही, टिकवायलाही असते हे तिनेच समजावलं. माझ्या पीपीटीतली तीन स्लाइड तिने दोन वाक्यांत संपवली. मी अर्धा तास एक शब्द बोलले नाही.

तेव्हा लक्षात आलं की एका फोनवर तीन-चार जणी असतात. मी आधी त्याला अडचण समजायचे, हजेरीच्या यादीत नावं भरता येत नाहीत म्हणून. छोटे गट करायचे म्हणून झूममध्ये ब्रेकआउट रूम केल्या, तर एक काकी सहा मिनिटं एकट्याच एका रूममध्ये बसून राहिल्या. नंतर म्हणाल्या, ‘माका वाटला तुमी सगळी रागान गेलास.’ रूम कशाला हव्यात? पडवीत तिघी एका फोनभोवती बसल्यात, हाच गट. मी आता म्हणते, फोन बाजूला ठेवा, चार मिनिटं आपसात बोला, मग एकीने सांगा. पलीकडून येणारा तो गलका ऐकत मी चहा पिते.

कॅमेरा चालू ठेवायची सक्ती मात्र मला अजिबात पटत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये लिहिलं की व्हिडिओ कॉलवर सतत स्वतःचा चेहरा दिसत राहणं माणसाला थकवतं. आमच्याकडे त्यात मागची चूल, वाळत घातलेले कपडे आणि सासरे पण दिसतात, आणि दिवसाचा डेटा दुपारीच संपतो तो वेगळा. बाटली दाखवायची तेव्हा कॅमेरा, एरवी बंद.

वेळेचं तर बोलायलाच नको. ज्या संस्थेसाठी मी काम करते तिथून कॅलेंडर येतं, त्यात भातलावणीच्या आठवड्यात दोन सेशनं, आणि चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात ‘मार्केटिंग कौशल्ये, भाग 1’. हे ठरवणाऱ्याने कोकणातलं एक तरी घर त्या आठवड्यात बघितलंय का? वर शेवटी फीडबॅक फॉर्म. ‘ट्रेनिंग आवडलं का?’ सगळ्या पाचपैकी पाच देतात, कारण आमच्या बायका पाहुण्याला नावं ठेवत नाहीत. डोनाल्ड किर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने 1959 मध्येच ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या, आवडलं का, शिकले का, वागण्यात उतरलं का, फायदा झाला का. आम्ही पहिल्या पायरीवर बसून फोटो काढतो आणि अहवाल पाठवतो.

मी माझ्यापुरतं एवढंच करते. आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर तीन मिनिटांचा व्हॉइस नोट, मालवणीत. लाइव्ह फक्त 40 मिनिटं, झूम फुकटात तेवढंच देतं आणि खरं सांगायचं तर तेवढंच पुरतं. मग दोन दिवसांनी एक प्रश्न, आठवड्याने आणखी एक. शिकलेलं विसरायला पहिल्या काही तासांतच सुरुवात होते हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. त्याला निरर्थक अक्षरं पाठ करावी लागली, माझ्याकडे निदान कोकम आहे.

चतुर्थी झाल्यावर त्या वैनींनी नव्या लेबलाचा फोटो पाठवला. छापील, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका जागेवर, चौदा आकडे मी दोनदा मोजले. घटक: साखर, कोकम, जिरं, मीठ. खाली व्हॉइस नोट.

‘मॅडम, साखर बारीक अक्षरात लिवली तर चलात मां?’

गुरुवारी तीन वाजता सेशन आहे. विषय, अक्षराची उंची. येताना पट्टी घेऊन या.