सायकलची शॉर्ट घालून बघायची नाही, तर बोलावलंत कशाला?

अजून डोकं शांत होत नाहीये म्हणून लिहून काढतेय. काल संध्याकाळी रत्नागिरीत आमच्या नेहमीच्या सायकलच्या दुकानात एका सायकलिंगच्या कपड्यांच्या ब्रँडचा कार्यक्रम होता. "या, हात लावा, घालून बघा" असा मेसेज चार दिवस ग्रुपवर फिरत होता, म्हणून मी ऑफिसातून लवकर सुटून, पोराला सासूबाईंकडे सोडून गेले. वेळ दिलेली ६ ची आणि सुरू झालं पावणेआठला! तोपर्यंत काय, तर बॅनरसमोर फोटो काढा, क्यूआर स्कॅन करा, नाव नंबर भरा.

मग तासभर पडद्यावर परदेशातले डोंगर आणि बर्फ. अहो, आम्ही आरे-वारेचा चढ चढतो, भाट्याच्या पुलावरून पावसला जातो, आमच्याकडे हवाच इतकी दमट की घाम उडूनच जात नाही. हे कपडे घाम ओढून बाहेरच्या बाजूला आणतात हे कबूल, पण तिथून तो वाळायला हवा कोरडी लागते ना? मी सरळ विचारलं की जुलैत इथे दोरीवरची साधी बनियन दोन दोन दिवस ओली राहते, तुमच्या शॉर्टमध्ये बसायच्या जागी शिवलेलं हे जाड पॅड वाळणार कधी, बुरशी धरली तर काय करायचं, ओलसर पॅड घालून बसलं तर मांड्यांना पुरळ येतं त्याचं काय. तर उत्तर काय, "फॅब्रिक प्रीमियम आहे मॅम". हे उत्तर झालं का?

आणि मी गेले होते फक्त शॉर्टसाठी, ती खांद्यावरून पट्टे येणारी, बिब म्हणतात ती. माझ्या जुन्या शॉर्टचं पॅड मधोमध दबून पापडासारखं झालंय, गणपतीपुळ्याला जाऊन आलं की शिवण घासून घासून मांडी सोलवटते, दोन दिवस खुर्चीत नीट बसवत नाही. ही शॉर्ट आतून काही न घालता थेट अंगावर घालायची असते, त्यामुळे पॅड एक बोट इकडेतिकडे असलं तरी संपलं. बायकांची बैठकीची हाडं साधारण जास्त अंतरावर असतात म्हणून पॅडही वेगळं लागतं. हे घालून, सीटवर बसून, दोनचार पायडल मारल्याशिवाय कळणार कसं?

तर अख्ख्या दुकानात शॉर्ट एकच! ती पण पुतळ्याला चढवलेली, पुरुषांची, मीडियम. मी पॅड अंगठ्याने दाबून बघत होते तर कंपनीचा मुलगा धावत आला, मॅम प्लीज, डिस्प्ले पीस आहे. बायकांचं काय आणलंय विचारलं तर दोन गुलाबी जर्सी पुढे केल्या. शॉर्ट म्हणे ऑनलाइन मागवा, साइझ चार्ट आहे. किंमत ५ हजाराच्या वर. नाही बसली तर? तर परत घेत नाहीत, कारण आतल्या कपड्यात धरतात. म्हणजे घालून बघायची नाही, परतही करायची नाही, पैसे मात्र आधी मोजायचे. अरे मग एवढं गाडीभर बॅनर, स्पीकर, पडदा घेऊन आलात त्यात चार साइझच्या चार शॉर्ट बसल्या नसत्या का? एक ट्रायल रूम म्हणून पडदा लावता आला नसता का? आम्ही सहा बायका होतो तिथे. एक तर लांज्याहून आलेली, रात्री साडेनऊला परत निघाली बिचारी, हातात एक स्टिकर आणि पाण्याची बाटली.

दुकानवाल्या दादांवर राग नाही माझा, ते स्वतःच ओशाळले होते, "ताई मला सांगितलं होतं सगळे साइझ येतील" म्हणाले.

आणि आज सकाळी भाजी फोडणीला टाकलेली असताना फोन, "मॅम कालचा एक्सपिरियन्स कसा वाटला, ऑर्डर कन्फर्म करायची का?" मी म्हटलं, लार्ज, बायकांच्या पॅडची, दुकानात पाठवा, मी येऊन घालून बघते. तर म्हणे मॅम तशी फॅसिलिटी नाही. दुपारपर्यंत त्याच कंपनीचे अजून दोन फोन.