आडात होतं, पोहरा गळका होता

नमस्कार साहेब,

घानाच्या विजेवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया जरा लागली, पण लागायलाच हवी होती. 'आम्ही घानाच्या टेमा शहरात सहा वर्षं घामाघूम होऊन काढली आणि तुम्ही पुण्यात पंख्याखाली बसून लिहिता की घानात विजेची टंचाई कधीच नव्हती? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! चार केंद्रं आणखी बांधली की प्रश्न मिटतो,' असं तुम्ही लिहिलंत. यातलं निम्मं मला मान्य आहे.

'कधीच' हा शब्द माझा चुकला. 2015 मध्ये घरगुती ग्राहकांना बारा तास वीज आणि चोवीस तास अंधार असं वेळापत्रक होतं, ते तुम्ही सोसलंय. तिथल्या त्वी भाषेत 'दुम' म्हणजे विझवणं, 'सो' म्हणजे पेटवणं. त्या दोहोंचा 'दुमसोर' झाला आणि राष्ट्राध्यक्ष महामांच्या नावाला तो कायमचा चिकटला.

पण तेव्हा आडात नेमकं काय नव्हतं? यंत्रं होती. अकोसोंबो धरणावर सहा संच आहेत, 1020 मेगावॉटचे. पाऊस कमी झाला, व्होल्टा जलाशय उतरत गेला आणि संच बंद ठेवायची वेळ आली. त्याआधी ऑगस्ट 2012 मध्ये नायजेरियातून समुद्राखालून येणारी गॅसवाहिनी टोगोजवळ एका जहाजाच्या नांगराने तुटली आणि कित्येक महिने गॅसच आला नाही. त्या गॅसवर चालणारी केंद्रं महागड्या तेलावर चालवायची, तर तेलाला पैसा नाही. म्हणजे कमी होती ती पाण्याची, गॅसची आणि रोकड्याची. याला टंचाई म्हणायचं तर म्हणा, माझी हरकत नाही.

माझा खरा मुद्दा त्यानंतरचा आहे. लोक चिडलेले, निवडणूक तोंडावर, अशा घाईत सरकारने खासगी उत्पादकांशी करारांवर करार केले. तुर्कस्तानी कंपनीचं तरंगतं वीजकेंद्र तुमच्याच टेमा बंदरात येऊन उभं राहिलं होतं, तुम्ही पाहिलंच असेल. तुम्ही म्हणता तेच झालं ना? केंद्रं वाढवली. आता पुढचं ऐका. जुलै 2019 मध्ये अर्थमंत्री केन ओफोरी-आट्टा यांनी संसदेत हिशेब मांडला: स्थापित क्षमता 5083 मेगावॉट आणि सर्वोच्च मागणी 2700 च्या आसपास. यातली जवळपास 2300 मेगावॉट 'घ्या किंवा न घ्या, पैसे द्या' या अटीवरची. न वापरलेल्या विजेपोटी वर्षाला पन्नास कोटी डॉलरहून अधिक!

एन्रॉनचं दाभोळचं वीजकेंद्र आठवतंय? तिथेही वीज उचलली नाही तरी स्थिर आकार चुकत नव्हता, तोही डॉलरशी बांधलेला. 2001 मध्ये आपल्या वीज मंडळाने खरेदीच थांबवली. आपल्याकडे तो एक प्रकल्प होता आणि मंडळ मोठं होतं. घानाने तसल्या करारांची रांगच लावली.

आता पोहऱ्याकडे या. ग्राहक बिल भरतो सेडीत, म्हणजे तिथल्या चलनात, उत्पादकाला आणि गॅसला मोजायचे डॉलर. सेडी घसरला की वितरण कंपनीच्या हिशेबाला तेवढंच भोक पडतं. त्यात विकत घेतलेल्या विजेतला चौथ्या हिश्श्याच्या आसपास भाग वाटेतच जातो: काही तारांमध्ये, काही आकडे टाकून, काही मीटरशी खेळून. सरकारी कार्यालयांची थकबाकी वेगळीच. (यात मात्र आपण त्यांना हसू नये.) 2019 च्या मार्चमध्ये वितरण खासगी कंपनीकडे सोपवून पाहिलं, तर हमीपत्रंच सदोष निघाली, ऑक्टोबरमध्ये करार रद्द झाला आणि अमेरिकेची 19 कोटी डॉलरची मदतही गेली. 2023 मध्ये तर खासगी उत्पादकांनी थकबाकीसाठी जुलैत संच बंद करायचा इशारा दिला. संच जागेवर, मागणी जागेवर, आणि तरी अंधाराची धमकी. इथे पाचवं केंद्र काय करणार? आणखी एक सावकार वाढवणार, एवढंच.

गॅसचा एक प्रश्न तेवढा खरोखर सुटत गेला. घानाचा स्वतःचा गॅस पश्चिम किनाऱ्यावर निघू लागला, म्हणून ते तरंगतं केंद्र 2019 मध्ये टेमातून सेकोंदीला हलवलं. इंधन जिथे, तिथे यंत्र. इतकी साधी गोष्ट व्हायला चार वर्षं लागली.

'एन्क्रुमांनी बांधलेल्या धरणावर आजवर देश चालला,' हे पहिल्या राष्ट्राध्यक्षांबद्दलचं तुमचं वाक्य मला आवडलं, पण त्यातही एक खोच आहे. त्या अकोसोंबो धरणासाठी सुमारे 80,000 लोक उठवले गेले, आणि सुरुवातीची वर्षं बहुतेक वीज गेली टेमाच्या अमेरिकी मालकीच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्याला, अगदी कवडीमोल दराने. बॉक्साइट घानात असताना कच्चा माल मात्र परदेशातून यायचा.

मूळ लेखातलं ते वाक्य बदललंय. आता तिथे 'कधीच'च्या जागी '2016 नंतर' असं आहे. आणि एक विचारायचं राहिलं: तुमच्या क्वार्टरला प्रीपेड मीटर होता का, की बिल कंपनीच भरायची?