आत माया सोडा

गेली सहा वर्षं मी माझे शर्ट घरीच शिवतोय. बँकेत नोकरी, रविवार मोकळा, हॉलमधे खिडकीपाशी पायमशीन. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, परवडतं का हो? नाही परवडत. 58 इंच पन्ह्याचं बरं सुती कापड फुल शर्टला 1 मीटर 60 लागतं, वर कॉलरच्या आत घालायचं कडक बकरम, दोरा, बटणं, काज करून देणाऱ्याचे पैसे वेगळे आणि माझे दोन रविवार. तेवढ्यात रस्त्यावर दोन तयार शर्ट येतात. पैसे वाचवायला कोणी शिवणार असेल तर मी नकोच म्हणतो.

मी शिवतो ते मायेसाठी. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात, आणि हे मला शेजारच्या काकूंनी शिकवलं. त्या ब्लाऊज शिवायच्या, दोन्ही बाजूंना दीड दीड इंच माया सोडायच्या. म्हणायच्या, बाईमाणूस आज आहे तेवढंच राहतं का रे, बाळंतपण होतं, आजारपणात उतरतं, परत भरतं, मग ब्लाऊज काय दरवेळी नवा शिवायचा? आता घरातला एखादा तयार कुर्ता उलटा करून बघा, कडेला जेमतेम सेंटीमीटरभर कापड आणि त्यावर कडा बांधणारी ओव्हरलॉकची टीप, उसवून सैल करायला जागाच नाही. थायरॉईडमुळे माझ्या बहिणीचं वजन वाढलं तेव्हा ती ट्रायल रूममधून रडवेली होऊन बाहेर आली होती, कपडा कमी पडला होता आणि वाईट तिला वाटत होतं. मला ते आजही सहन होत नाही.

माझं स्वतःचं म्हणाल तर कॉलर कायम मागे ओढली जायची आणि पाठीवर तिरकी सुरकुती, मला वाटायचं मी पोक काढून बसतो म्हणून. मग मांजरपाटाचा शर्ट कापून नुसता धावदोरा घालून अंगावर चढवला, बायकोनं मागून बघितलं आणि म्हणाली, अहो तुमचा उजवा खांदा खाली आहे. टेप लावली तर अर्धा इंच. योक, म्हणजे खांद्यावरची पट्टी, तेवढाच उजवीकडून उतरवला, सुरकुती गेली! चाळीस वर्षं ज्या अंगात राहतोय त्याचं माप मला तेव्हा कळलं.

नवीन शिकणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी कळकळीनं सांगतो. सुती कापड आधी पाण्यातून काढा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच कापा, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही वर जाते. साध्या सुतीला 14 नंबरची सुई, पातळ कापडाला 11. खालच्या बाजूला दोऱ्याचे गुंते आले की सगळे बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळी, उचकतात, पण बहुतेक वेळा वरचाच दोरा नीट ओवलेला नसतो, तो काढून परत ओवा. आणि जमलं तर एकदा चाक हातानं सावकाश फिरवून टीप कशी पडते ते बघाच. हातसुईला नेढं मागे असतं, मशीनच्या सुईला टोकाशी, म्हणून ती कापडाच्या खाली दोरा नेऊन फास करते आणि त्या फासात बॉबिनचा दोरा अडकतो. एलियस हाव नावाच्या माणसानं 1846 साली या रचनेचं पेटंट घेतलं, मशीन आजही तसंच शिवतंय.

अजून एक, हे मनात बरेच दिवस आहे. बाहेर दुकानात शिंपी पुरुष असतो ते कोणाला खटकत नाही, आपले नामदेव महाराज शिंप्याच्या घरातले, पण घरात पुरुष मशीनवर बसला की पाहुणे बायकोकडे बघतात. माझ्या मुलीला मात्र त्यात काही वेगळं दिसत नाही, ती शेजारी बसून खडूनं रेघा मारते, चिंध्यांचे चौकोन कापते.

सध्या तिचा फ्रॉक चालू आहे. इरकली काठ आहे, खाली घेराला तीन इंच आत दुमडलेत आणि बाजूला एकेक इंच माया. दिवाळीत घालेल, पुढच्या दिवाळीत दुमड उसवून परत खाली टीप मारायची. जुन्या टिपेची रेघ दिसेल, म्हणून तिथे लावायला लेस आजच आणून ठेवलीय.