निरंक म्हणे!

आज एका समुद्री भूकंपीय सर्वेक्षणाचा (तळाखालचं तेल-वायू आवाजाच्या लाटांनी शोधतात ते) पर्यावरण अनुपालन अहवाल वाचला आणि डोकं फिरलं. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, हे अहवाल एकमेकांची झेरॉक्स असतात. शेवटी तक्ता. तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश आणि ‘सागरी सस्तन प्राणी’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत निरंक, निरंक, निरंक. त्याखाली ठसठशीत निष्कर्ष: सर्वेक्षणाचा सस्तन प्राण्यांवर कोणताही परिणाम आढळला नाही.

शोधलंत कसं, ते सांगा ना आधी!

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी. सर्वेचं जहाज चार-पाच नॉटनी चालतं. मागे ५ ते १० मीटर खोलीवर एअरगनचा ताफा ओढत नेतात. दर चौरस इंचाला २००० पौंड दाबाने कोंडलेली हवा एकदम सोडायची, दर दहा-पंधरा सेकंदांनी, रात्रंदिवस. आवाजाचा बहुतेक जोर २०० हर्ट्झच्या खाली. निळा देवमासा नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. (आणि कृपा करून ‘जेट विमानापेक्षा मोठा आवाज’ असलं काही शेअर करू नका. हवेतले आणि पाण्यातले डेसिबल वेगळ्या पायावर मोजतात, दोन्हींत साधारण ६२ चा फरक पडतो. असल्या पोस्टींमुळेच कंपन्यांना आपल्याला हसायची संधी मिळते.)

ब्रिटनच्या जेएनसीसीची, म्हणजे तिथल्या सरकारी निसर्गसंवर्धन सल्लागार संस्थेची, नियमावली सगळीकडे चिकटवलेली असते, या अहवालातही आहे. गन सुरू करण्याआधी ३० मिनिटं निरीक्षण, २०० मीटरपेक्षा खोल पाण्यात ६० मिनिटं, कारण स्पर्म व्हेल पाऊण-एक तास खालीच असतो. ५०० मीटरच्या आत प्राणी दिसला तर शेवटचा दिसल्यापासून किमान २० मिनिटं थांबायचं. मग सगळ्यात लहान गनपासून सुरुवात करून किमान २० मिनिटांत हळूहळू पूर्ण ताकद. कागदावर चोख.

आता त्या निरंककडे या. तक्त्यात समुद्राच्या स्थितीचा रकानाच नाही! बोफर्ट तीनला (बोफर्ट म्हणजे वाऱ्याच्या जोराची मोजपट्टी) लाटांवर पांढरा फेस दिसायला लागतो. आपल्या किनाऱ्यालगतच्या फिनलेस पॉर्पॉइजच्या (डॉल्फिनसारखा छोटा सस्तन प्राणी) पाठीवर परच नसतो. दीडेक मीटरचं जनावर, श्वासाला वर येतं तेव्हा काळपट पाठ सेकंदभर दिसते. फेसाळ पाण्यात तो ३०० मीटरवरून दिसला तर नशीब समजा. निरीक्षण किती तास झालं, किती उंचीवरून झालं, ऊन समोरून होतं की मागून, काही नाही. या नोंदींशिवाय शून्य म्हणजे डोळे मिटून मोजलेलं शून्य.

डेकवर निरीक्षणाला उभ्या असलेल्या पोरावर माझा राग नाही, खरंच नाही. बहुतेकदा एकटा असतो. दुर्बिणीतल्या रेघा क्षितिजापासून खाली मोजायच्या आणि डोळ्याच्या उंचीवरून अंतर काढायचं. क्षितिज धुरकट असलं की ते गणितच बसत नाही. त्यात ‘गन थांबवा’ म्हटलं की सर्वेची ती अख्खी लाइन वाया जाते, ती पुन्हा मारावी लागते, आणि या पोराचं कंत्राट त्याच कंपनीच्या हातात. कोण म्हणेल?

रात्री काय, तर हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक! अहवालात लिहिलंय, ‘ध्वनिनिरीक्षण करण्यात आले: निरंक’. सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने टिपले, ते किती होतं? पॉर्पॉइजच्या क्लिक १३० किलोहर्ट्झच्या आसपास असतात. १९२ किलोहर्ट्झने रेकॉर्ड केलं तर त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे ९६ च्या, वरचं काहीच ऐकू येत नाही. उलट निळ्या देवमाशाचा खर्ज जहाजाच्या इंजिनात आणि केबलवरून वाहणाऱ्या पाण्याच्या घरघरीत बुडतो. म्हणजे वरचा बहिरा, खालचाही बहिरा, आणि निरंक.

गोव्याजवळ पाण्याखाली हंपबॅक देवमाशाचं गाणं रेकॉर्ड झालंय. २०१७ मध्ये ओमानला टॅग लावलेली ‘लुबान’ ही हंपबॅक मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली होती. बाकीचे हंपबॅक ध्रुवाकडे जातात, अरबी समुद्रातले बारा महिने इथेच राहतात. त्यांना जायला दुसरा समुद्र नाही. हे लिहिताना जरा आवंढा येतो, असो.

मान्य, मासेमारीच्या जाळ्यांत अडकून डॉल्फिन आणि पॉर्पॉइज कितीतरी मरतात. आणि किनाऱ्याला लागलेला प्रत्येक देवमासा आवाजानेच मेला असं म्हणणारेही चूकच, कानाचं हाड तपासल्याशिवाय बोलू नये. म्हणून काय निरंक खरं ठरतं?

पुढचं जास्त भीतीचं आहे. जून २०२४ मध्ये केंद्राने समुद्री पवनचक्क्यांच्या योजनेला मंजुरी दिली, ५०० मेगावॅट गुजरातला, ५०० तामिळनाडूला. पवनऊर्जा हवीच, कोळसा नको, वाद नाही. पण पवनचक्कीच्या पायाचे लोखंडी मोनोपाइल, म्हणजे जाडजूड नळखांब, तळात ठोकायचे तर हजारो घाव लागतात. जर्मनीत नियम साफ आहे: पाइलपासून ७५० मीटरवर एका घावाची ध्वनिऊर्जा १६० डेसिबलच्या आत. माणूस डेकवर उभा करून ते होत नाही, आवाजच कमी करावा लागतो. त्यासाठी तळावर साखळीने दाबलेल्या भोकाच्या होजचं कडं घालतात, कॉम्प्रेसरने हवा सोडून बुडबुड्यांचा पडदा उभा करतात. एका कड्याने १० ते १५ डेसिबल कमी होतात, तेही मुख्यतः वरच्या सुरांचे. भोकं गाळाने बुजली की पडद्याला फट पडते. काही आवाज जमिनीतून जाऊन कड्याबाहेर वर येतो, म्हणून दुसरं कडं लागतं. आणि प्रवाह जोराचा असला की बुडबुडे वर येईपर्यंत वाहून जातात. खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर केवढा असतो, ते तिथल्या कुठल्याही तांडेलाला विचारा. तिथे जर्मनीचं कॉपी-पेस्ट चालणार नाही. सक्शन बकेट (आतलं पाणी उपसून तळात रुतवायचा उलट्या बादलीसारखा पाया) चालतील का, पाइल ठोकण्याऐवजी कंपनाने उतरवता येतील का, हे आधी तपासायला हवं.

निविदेत तीन गोष्टी हव्यात: ७५० मीटरवर कमाल किती, रोज कोण मोजणार, आणि आकडा ओलांडला तर हातोडा कोणाच्या शब्दावर थांबणार. मोजणारा ठेकेदाराच्या पगारावर नको.