रेंजसाठी चार ओळींचा जनरेटर का पुरत नाही

अंकांच्या रेंजविषयी, म्हणजे एका अंकापासून दुसऱ्यापर्यंत ठरावीक अंतराने (स्टेपने) जाणाऱ्या मालिकेविषयी, एक मत प्रोग्रामरांमध्ये वारंवार फिरत असते. त्याचा आशय असा: मुक्तस्रोत लायब्ररीत रेंजसाठी स्वतंत्र प्रकार ठेवणे हा उगाच वाढवलेला पसारा आहे, सुरुवात, शेवट आणि स्टेप घेऊन दर फेरीला बेरीज करणारा चार ओळींचा जनरेटर, म्हणजे मागितल्यावर एकेक किंमत देणारे फंक्शन, पुरेसा आहे, आणि एक ते दहा मोजताना आपण दहाही मोजतो, म्हणून शेवटचे टोक नेहमी रेंजमध्ये धरलेच पाहिजे. हे मत सुटसुटीत वाटते खरे, पण त्यातला एकही मुद्दा पूर्णपणे टिकत नाही.

जनरेटरमुळे मेमरी वाचते, एवढे मान्य करावे लागेल. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्ती २ मधील रेंज फंक्शन अख्खी यादी मेमरीत उभी करत असे आणि ते टाळण्यासाठी एक्सरेंज वेगळे ठेवावे लागले होते. मात्र २००८ साली आलेल्या पायथन ३.० ने यावर जो उपाय केला, तो जनरेटरचा नव्हता. तिथली रेंज हे सुरुवात, शेवट आणि स्टेप यांचे अपरिवर्तनीय वर्णन आहे. त्यावर लूप चालवला की दर वेळी नवा इटरेटर (पुढची किंमत एकेक करून देणारा आणि देता देता संपणारा घटक) तयार होतो आणि मूळ वर्णन जसेच्या तसे राहते. त्यामुळे तिची लांबी विचारता येते, ती उलटी फिरवता येते, आणि (पायथन ३.२ पासून) एखादा पूर्णांक तिच्यात आहे की नाही हे एकही फेरी न मारता, तुलना आणि भागाकाराची बाकी यांवरून ठरवता येते. जनरेटरला हाच प्रश्न विचारला, तर तो उत्तर शोधता शोधता स्वतःच खर्ची पडतो. एखाद्या फंक्शनने आधी सगळे अंक तपासून मग त्यांवर काम करायचे ठरवले, तर दुसऱ्या लूपच्या हाती काहीच लागत नाही, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. माझ्या मते स्वतंत्र प्रकार ठेवायला एवढे एकच कारण पुरेसे आहे.

रस्ट या भाषेत याची दुसरी बाजू दिसते. तिथे रेंज स्वतःच इटरेटर आहे, आणि नकळत झालेली प्रत पुढे सरकून मूळ रेंज मागे राहण्याचा धोका नको, म्हणून दोन पूर्णांकांची ही साधी जोडीसुद्धा आपोआप कॉपी होत नाही. पुढे स्वीकारलेल्या प्रस्तावातील नव्या रेंज इटरेटर नसून इटरेबल आहेत, म्हणजे त्यांच्यापासून इटरेटर वेगळा काढावा लागतो, ते याच अनुभवातून.

शेवटच्या टोकाचा प्रश्न सवयीचा नाही. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ च्या टिपणात अर्धखुल्या रेंजची, म्हणजे सुरुवात धरून शेवट वगळणाऱ्या रेंजची, बाजू मांडली. शेवट वजा सुरुवात म्हणजे थेट लांबी, शेजारच्या दोन रेंजांमध्ये एकीचा शेवट हीच दुसरीची सुरुवात, आणि रिकामी रेंज लिहिण्यासाठी सुरुवातीपेक्षा लहान शेवट द्यावा लागत नाही, हे तिचे फायदे आहेत. तरीही फक्त अर्धखुली रेंज देऊन भागत नाही. आठ बिटांच्या चिन्हरहित (ऋण किमती नसलेल्या) पूर्णांकाच्या सर्व किमती, म्हणजे ० ते २५५, अर्धखुल्या रूपात लिहायच्या तर शेवट २५६ हवा, आणि तो त्या प्रकारात मावतच नाही. उलट टोक धरणाऱ्या भोळ्या जनरेटरमध्ये ‘२५५ पेक्षा लहान किंवा समान’ ही अट कधीच खोटी ठरत नाही, आणि किंमत २५५ वरून पुन्हा ० वर आली की लूप थांबत नाही. म्हणूनच रस्टमध्ये २०१८ पासून टोकासहित रेंज स्वतंत्र प्रकार म्हणून मिळते, आणि फेरी संपली की नाही हे तिला वेगळे नोंदवून ठेवावे लागते. स्विफ्ट या भाषेतही दोन्ही रूपे आहेत.

‘दर फेरीला स्टेप मिळवा’ ही सूचना पूर्णांकांपुरती ठीक आहे. दशांशांवर ती फसते. नेहमीच्या दुहेरी अचूकतेच्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये (दशांश संख्या ठरावीक बिटांत, बहुधा किंचित चुकीने, साठवण्याच्या पद्धतीत) ० पासून दहा वेळा ०.१ मिळवले तर बेरीज ०.९९९९९९९९९९९९९९९९ होते. ती १ पेक्षा लहान असल्यामुळे १ वर थांबायचा लूप अकरावी किंमतही देतो. दर किंमत सुरुवात अधिक क्रमांक गुणिले स्टेप अशी काढली तर चुका साचत जात नाहीत, पण एकूण किमती किती हा प्रश्न तरीही उरतो. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीच्या दस्तऐवजात अपूर्णांक स्टेपसाठी अरेंज या फंक्शनऐवजी लिनस्पेस सुचवले आहे, ज्यात स्टेपऐवजी किमतींची संख्या द्यायची असते. हॅस्केल या भाषेने मर्यादेपलीकडे अर्ध्या स्टेपची सूट दिली, आणि परिणामी तिथे ०.१ ते १.० या (स्टेप न दिल्यामुळे १ धरलेल्या) रेंजमध्ये १.१ सुद्धा येतो! नव्या लायब्ररीने दशांशांसाठी संख्या मागणारे वेगळे फंक्शन द्यावे आणि पूर्णांकांच्या रेंजमध्ये दशांश घेऊच नयेत.

स्टेपचे चिन्ह आणि शून्य यांचा तर त्या चार ओळींत विचारच नाही. १० पासून ० पर्यंतची रेंज मागितली तर रस्ट आणि कोटलिन या भाषा रिकामी रेंज देतात, तर स्विफ्टमध्ये प्रोग्राम तिथेच थांबतो. दोन्ही भूमिकांचे समर्थन करता येते, पण त्यांतील एक निवडून दस्तऐवजात नोंदवावी लागते. शून्य स्टेपबाबत मात्र निवडीला वाव नाही: पायथनप्रमाणे रेंज तयार होतानाच ती नाकारावी, कारण लूप सुरू झाल्यावर ती चूक पकडायला कोणी उरत नाही.